करंगळीपुरती जागा

माझ्या लेकीनं, पूर्वानं, मागच्या महिन्यात सुरतेतल्या माझ्या माहेरी, पांडेसऱ्याला, आबांच्या मोटरसायकलवरची ताडपत्री ओढून काढली आणि मी दोन पावलं मागे सरले. कितीतरी वर्षांत त्या गाडीला कुणी हात लावला नव्हता. ताडपत्रीखाली गाडीला एक साडी पांघरलेली होती. राणी रंगाची, आबांच्या हातची रंगवलेली. तिच्या पदरावर वीतभर रुंदीचा काळा नक्षीदार पट्टा. पूर्वाला वाटलं, ग्रीस लागलंय. तो ट्रकच्या चाकाचा ठसा आहे हे मी तिला सांगितलं नाही.

"मम्मी, चाकं गेलीत गं," ती उकिडवी बसून म्हणाली. "दोन्ही रिम गंजून पापड झाल्यात. नवीन घालाव्या लागतील. साइज काय होती?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले.

हे खोटं होतं. ते माप मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण माप सांगितलं की चाकं येणार, चाकं आली की गाडी चालणार, आणि गाडी चालली की माझी एकुलती एक लेक तिच्यावर बसून रस्त्यावर जाणार. मी भित्री आहे. आता या वयात ते लपवून तरी काय करायचं?

पलीकडे पायरीवर माय बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

*

नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या सोसायटीमागून वाहणाऱ्या खाडीला रोज नवा रंग असायचा. सकाळी हिरवी, संध्याकाळी जांभळी. बॉयलरचा कोळसा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा, म्हणून माय कपडे झटकून मगच घरात आणायची. हवेत एक ओलसर, आंबट, गरम कापडाचा वास कायम भरलेला. पाहुणे आले की नाक धरायचे. आम्हाला तो वास सुटीत गावी गेल्यावर, तो नसल्यामुळे, आठवायचा.

आबा मिलमध्ये रंगाचे मास्तर होते. साक्री तालुक्यातून सुरतेला आलेला हा माणूस नुसत्या डोळ्यानं रंग जुळवायचा. नमुन्याची चिंधी खिडकीशी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि सांगायचं, "पिवळा अजून चिमूटभर." त्यांच्या नखांच्या कडांत कोणता रंग बसलाय त्यावरून आज मिलमध्ये काय चाललंय ते आम्हाला कळायचं. राणी रंग आठ-आठ दिवस जायचा नाही.

आणि मोटरसायकल. इंग्लंडात बनलेली, आबांच्याहून वयानं मोठी, कुठल्याशा फौजी साहेबाच्या हाताखालून फिरत फिरत आमच्या दारात आलेली. चाळीस आऱ्यांची दोन चाकं. आबा रविवारी जुन्या बनियनच्या चिंधीनं एक एक आरा पुसायचे. पेट्रोल, तापलेलं तेल आणि रेक्झिनच्या सीटचा वास एकत्र झाला की तो माझ्या लेखी आबांचा वास होता.

तिची मला तेव्हापासूनच भीती वाटायची. आबांची पाळी सुटली, भोंगा वाजला, की मी ओट्यावर येऊन कान देऊन बसायचे. बमरोलीच्या वळणावर गाडीचा आवाज खाली यायचा, मग नाल्याच्या पुलावर घुमायचा, मग आमच्या गल्लीत शिरायचा. मधला पुलाचा आवाज आला नाही की मी बोटांवर आकडे मोजायला लागायचे. त्या रस्त्यावर ट्रक, टेम्पो, कापडाच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या, सगळे एकमेकांच्या अंगावर. शेजारच्या मुली लगोरी खेळायला बोलवायच्या, पण मी पुलाचा आवाज येईपर्यंत जागची हलत नसे. आत माय पोळ्या करत असायची, आणि पोळपाटावर लाटणं मध्येच थांबायचं. ते थांबलं म्हणजे तीही ऐकतेय, हे मला कळायचं.

*

आबांची एक खोड होती. कुठलीही वस्तू एक माप मोठी घ्यायची. माझा फ्रॉक घोट्यापर्यंत, चपला पुढे बोटभर रिकाम्या, मायचं पोलकं तर दोन जणींना पुरेल असं. मी कुरकुर केली की म्हणायचे, "आटस बेटा, समदं आटस." कापड रंगात शिजतं, धुतलं जातं, आणि आत येताना जेवढं असतं त्याहून कमी होऊन बाहेर पडतं. ज्याचा सगळा जन्म त्यात गेला, तो माणूस मोठंच माप घेणार. यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसायचे, ती गोष्ट वेगळी.

मी नऊ वर्षांची असताना मागचं चाक गेलं. पांडेसऱ्याच्या हवेनं रिमचा क्रोम खाऊन टाकला होता, टायर गुळगुळीत झाला होता. आबा मला घेऊन उधन्याला ठाकोरभाईंकडे गेले. ठाकोरभाईंचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि पत्र्याची टपरी. झाडाच्या फांद्यांना टायर लटकवलेले, वारा आला की हलके हलके फिरायचे. रबराचा वास, ट्यूब बुडवायच्या पाण्याचा हिरवट वास, आणि चाक फिरवून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना आऱ्यांवर वाजणारी छोटीशी किल्ली, टिंग टिंग. ठाकोरभाई कानानंच चाक सरळ करायचे. ढिला आरा बद्द वाजतो, ताणलेला गातो.

आबांनी घरून शिंप्याची टेप आणली होती. त्यांनी रिमवर ती या कडेपासून त्या कडेपर्यंत धरली आणि जाहीर केलं, "वीस इंचांच्या वर आहे."

ठाकोरभाई हसले. "मास्टर, आ माप खोटुं. किनारीथी नहि लेवाय. टायर ज्यां बेसे त्यांथी माप लेवाय. ओगणीस छे."

टायर जिथं बसतो तिथलं माप. कडेला दिसतं ते नाही. आबांनी मान हलवली, पण रंगाच्या मास्तराला दुसऱ्यानं माप शिकवावं हे त्यांना रुचलं नाही, ते त्यांच्या कानांच्या पाळ्यांवरून मला दिसलं. रिम एकोणीसची ठरली. आता टायर. त्याच्या मापात पहिला आकडा जाडीचा, दुसरा रिमचा. सव्वातीन-एकोणीस की साडेतीन-एकोणीस? सव्वातीन पहिल्यापासूनचा, सडपातळ, जरा बापुडवाणा दिसणारा. साडेतीन चांगला भरलेला, ठसठशीत गोट्यांचा.

"जाडो आपो," आबा म्हणाले.

"मडगार्ड सांकडुं छे, मास्टर. सवा त्रण ज नखावो." मडगार्ड अरुंद आहे, सव्वातीनच घाला, असं त्यांचं म्हणणं.

"मोठं घेतलेलं बरं असतं," आबा मराठीत म्हणाले, म्हणजे विषय संपला. ठाकोरभाईंनी खांदे उडवले आणि साडेतीन चढवला. गाडी स्टँडवर लावून चाक हातानं फिरवलं. कुठे लागलं नाही. आबांनी एकट्यानं लिंबाच्या झाडाभोवती फेरी मारली. तरीही लागलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

*

आखाजीला मायला माहेरी न्यायचं होतं. खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, सासरी राहिली तर जन्मभराचा टोमणा. आणि सुरतेहून जायचं तर रिकाम्या हातानं जाता येत नाही. मामी, मावशी, आजी, शेजारीण, सगळ्यांच्या साड्या. आबांनी मिलमधून वर्षभर जमवलेल्या साड्यांचं मोठं गाठोडं मागच्या कॅरिअरला बांधलं. त्याच्या पुढे माय, तिच्या पुढे आबा, आणि पेट्रोलच्या टाकीवर मी.

उजाडता निघालो. बारडोलीपर्यंत उसाच्या शेतांचा गार वारा, गुळाचा वास. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. व्याऱ्याच्या पुढे मागून एक आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... खड्डा आला की व्हायचा आणि थांबायचा.

"आयका ना," माय म्हणाली. "काहीतरी घासाई राहिनं."

"नवा टायर शे. घासाई-घासाई बठी जाई."

नवी चप्पल चावते तसंच आबांना ते वाटलं असावं. सोनगड गेलं, नवापूर गेलं. ऊन चढलं, डांबर मऊ पडलं. आता आवाज थांबत नव्हता, एकसारखा येत होता. मी टाकीवर, आबांच्या दोन हातांच्या मध्ये, माझ्या पोटरीला इंजिनाची धग लागत होती, आणि मला मागचं काही दिसत नव्हतं. ज्याची भीती वाटते ते दिसत असलं तर निदान डोळे मिटून घेता येतात. मी नुसती ऐकत होते. विसरवाडीनंतर वास यायला लागला. जळक्या रबराचा, जिभेवर बसणारा.

"वास यी राहिना. गाडी उभी करा."

"घाट चढी जाऊ, मंग देखू."

मायनं आबांच्या कमरेवरून हात पुढे आणला आणि माझ्या फ्रॉकचा घोळ मुठीत धरला. त्या दिवशी तो ढगळ फ्रॉक कामाला आला. तिला धरायला भरपूर कापड मिळालं.

कोंडाईबारीच्या घाटात एका वळणावर ते झालं. मोठा आवाज मला आठवतच नाही. रस्ता तिरपा झाला आणि सागाची वाळलेली पानं माझ्या तोंडात गेली, एवढंच आठवतं. मी कडेच्या चरीत पडले होते. वर आभाळ पांढरंफटक. इंजिन बंद पडलेलं आणि चाक अजून फिरत होतं, टिक टिक टिक.

मग आबांचा आवाज. "पोर कथी शे?"

मी तिथेच होते, दहा पावलांवर. मला 'इथं आहे' म्हणायचं होतं. आवाज निघेना. तोंड उघडत होतं, आत काही नव्हतंच.

"पोर कथी शे?" या वेळी मोठ्यानं. आणि तिसऱ्यांदा जे आलं ते विचारणं नव्हतं, ओरडणं होतं. मिलच्या मशीनपुढेही आवाज न चढवणारा माझा बाप घाटात ओरडत होता आणि मी त्याला उत्तर देऊ शकत नव्हते. आजही कुणी मला हाक मारली आणि मी लगेच ओ दिली नाही, असं सहसा होत नाही.

तेवढ्यात वरच्या वळणापलीकडून ट्रक उतरताना ऐकू आला. हॉर्न, मग ब्रेकची लांबच लांब किंकाळी. मी चरीतून डोकं वर काढलं. गाठोडं सुटलं होतं. साड्या घाटाच्या रस्त्यावर उलगडत गेल्या होत्या, हिरवी, मोरपंखी, लिंबोणी, राणी, वाऱ्यानं पार वरच्या वळणापर्यंत. ड्रायव्हरला लांबूनच रस्ता रंगीत दिसला आणि त्यानं ब्रेक दाबला. ट्रक थांबला तेव्हा त्याचं पुढचं चाक राणी रंगाच्या पदरावर होतं. पदराच्या दुसऱ्या टोकाशी, खांदा धरून, माय बसली होती.

*

त्या आखाजीला आजोळी सगळं होतं. सांजोऱ्या होत्या, रस होता, कैरीच्या पन्ह्याची घागर होती, लिंबाला दोर बांधून झोके होते. माहेरवाशिणी झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. माय खाली बाजेवर बसून होती, खांदा कापडानं बांधलेला. तिच्या वाटेचा झोका रिकामाच हलत होता. मी त्यावर बसले नाही. झोका फांदीला घासून कर्र वाजायचा आणि मी कानांवर हात ठेवायचे. आबा ओसरीवर पुरुषांच्या पत्त्यांत जाऊन बसले, पण त्यांनी पान उचलल्याचं मला आठवत नाही. गावात साड्या वाटल्या गेल्या, धूळ झटकून. राणी रंगाची कुणाला दिली नाही.

परत आम्ही एसटीनं आलो. गाडी टेम्पोतून आली. ठाकोरभाईंनी फाटलेला टायर हातात घेऊन फिरवला. मडगार्डच्या आतल्या बोल्टनं त्याला गोल कापत आणलं होतं. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. भला माणूस. फक्त म्हणाले, "मास्टर, कापड पाणीमां चडी जाय. रबर तो गरम थाय एटले फूले."

कापड पाण्यात आटतं, रबर तापलं की फुगतं. आबांनी त्या टायरच्या कापावरून बोट फिरवलं. जन्मभर जे आटताना पाहिलं त्यावरून त्यांनी जगाचं माप घेतलं होतं, आणि फुगणारी गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. "सव्वातीन घाला," ते म्हणाले. इतक्या हळू, की ठाकोरभाईंना पुन्हा विचारावं लागलं.

त्या दिवशी माय आमच्याबरोबर आली होती, बांधलेल्या खांद्यानिशी. तिनं ठाकोरभाईंना विचारलं, बरोबर बसलाय हे ओळखायचं कसं? त्यांनी आबांना सीटवर बसवलं, टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत बोट घातलं आणि म्हणाले, "आंगळी जवी जोइए, बेन. वजन साथे. खाली गाडीनुं माप कंई कामनुं नहि." रिकाम्या गाडीचं माप उपयोगाचं नाही, माणूस बसलेला असताना बोट जायला हवं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रोज सकाळी एक विधी सुरू झाला. आबा डबा अडकवून गाडीवर बसायचे, किक मारायच्या आधी माय मागे जाऊन वाकायची आणि फटीत अंगठा घालून बघायची. मागे कुणी बसणार असेल तर फट कमी व्हायची, मग करंगळी. एकट्याला अंगठा, दोघांना करंगळी, हे माप तिचं तिनं बसवलं होतं. "जास," म्हणजे बोट जातंय, असं ती म्हणाली की आबांनी निघायचं. एकदा मिलमधले कुणी दारात उभे असताना आबा तसेच निघायला लागले, तर तिनं हँडल धरून त्यांना थांबवलं आणि चारचौघांत अंगठा घातला. आबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते थांबले. नंतर त्यांना कधी थांबवायची गरज पडली नाही.

बोट बाहेर यायचं ते काळं होऊन. ती ते पदराला पुसत नसे. शाळेला निघालेल्या माझ्या कानामागे लावायची, तीट लावतात तसं. शाळेतल्या मुली म्हणायच्या, तुझा कान मळलाय. मी पुसत नसे. त्या काळ्या ठिपक्यावर माझा दिवस निभायचा.

माझ्याच्यानं मात्र पुन्हा त्या गाडीवर बसवलं नाही. आबांनी एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. ते पुढे कितीतरी वर्षं तीच गाडी चालवत राहिले, सव्वातीन-एकोणीसवर, आणि मी रोज ओट्यावर बसून पुलाचा आवाज ऐकत राहिले. तो रोज आला. शेवटी आबा गेले ते अंथरुणावर, साध्या आजारानं, नखांत कुठलाही रंग नसताना. जन्मभर ज्याची धास्ती घेतली ते झालंच नाही, असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, भीती फुकट गेली. मला तसं वाटत नाही. पण ते मला कुणाला समजावून सांगता येत नाही.

*

त्या खोट्यानंतर चार दिवसांनी पूर्वाचा फोन आला. ती दुकानातच होती.

"मम्मी, रिम मिळाल्या, एकोणीसच्याच. आऱ्यांची भोकं मोजून घेतली. टायर मी साडेतीनचा घेतेय हं, जाड. दुकानवाला म्हणतो, मस्त भरलेला दिसतो..."

"सव्वातीन!" मी ओरडले. स्वयंपाकघरात उभी होते, हातातला चमचा खाली पडला. "सव्वातीन-एकोणीस. दुसरं काही घालशील तर याद राख."

"तुला तर माहीत नव्हतं ना?"

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, फोनवरच. ती दुकानाच्या बाहेर येऊन ऐकत होती, मागून रिक्षांचे आवाज येत होते. सांगून झाल्यावर मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. गाडी आता चालणार, एवढंच कळलं.

रविवारी पांडेसऱ्याला गेले तर गाडी दारात उभी. चाकं नवी, आरे लखलखीत. राणी रंगाची साडी घडी घालून मायच्या मांडीवर. पूर्वा हेल्मेट घालून सीटवर बसली होती आणि निघत मात्र नव्हती. माय तिला निघू देत नव्हती.

"बठ तिना मांगे," माय मला म्हणाली.

"मी? मी नाही बसायची. तू बघ ना तिच्या एकटीच्या वजनावर."

"एकटीच जाई का ती जनमभर? कोणी ना कोणी मांगे बठीच. वजन लागस."

घाटातल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा मी त्या गाडीवर पाय टाकला. रेक्झिन नवं होतं, वास मात्र तोच, पेट्रोलचा आणि तापल्या तेलाचा. गाडी आमच्या वजनानं थोडी खाली बसली. मागे माय भिंतीला धरून हळूहळू वाकली. तिचा तो खांदा अजून पुरता वर होत नाही. मला मागचं दिसत नव्हतं. तेव्हाही दिसत नव्हतं. मी श्वास धरून ऐकत राहिले.

"जास," माय म्हणाली.

मग तिची काळी झालेली करंगळी माझ्या कानामागे टेकली. पूर्वाच्या नाही, माझ्या. नातीच्या हेल्मेटकडे तिनं पाहिलंही नाही.

"जा, पुलवरथीन चक्कर मारी या," ती म्हणाली, आणि ओट्यावर, माझ्या जागेवर, जाऊन बसली.

पूर्वानं किक मारली. मला भीती वाटत होती, नऊ वर्षांची असताना वाटली होती तेवढीच. मी दोन्ही हातांनी तिची कंबर धरली आणि म्हणाले, "हळू घे."